झोप लागत नाही? गोळीच्या आधी ही रीत समजून घ्या



गटाची बैठक असते. बचत जमा होते, हप्ते होतात, सह्या-अंगठे होतात, वही मिटते. मग चहा येईपर्यंत मनातल्या गप्पा सुरू होतात. त्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "रात्री डोळ्याला डोळा लागत नाही बघा. बारा वाजतात, दोन वाजतात, मी आपली या कुशीवरून त्या कुशीवर." दुसरी म्हणते, "मला बी तसंच होतंय." आणि तिसरी हळूच सांगते, "मेडिकलमधून गोळी आण. मी तीच घेते."

आज त्या तिसरीच्या सल्ल्याबद्दल बोलायचं आहे. झोप न लागण्यावर गोळीच्या आधी करून बघावा असा एक उपचार आहे. त्यात औषध नाही, सुई नाही. एक वही लागते, पेन लागतो, आठवड्याला एक बैठक लागते आणि सहा-आठ आठवडे नेम पाळावा लागतो. म्हणजे गट चालवायला आपल्याला जे लागतं तेच. हा उपचार एकेकट्याला देतात, गटात देतात आणि आता फोनवरून, व्हिडिओ कॉलवर जमलेल्या गटातही देतात. त्याचं इंग्रजी नाव सीबीटी. आपण त्याला विचार-वर्तन उपचार म्हणू.

आधी ओळखा: झोप मिळत नाही, की झोप लागत नाही?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की बारा वाजता उठून पाणी द्यायला जावं लागतं. खव्याची भट्टी असणाऱ्या घरात पहाटेपासून दुधाची गडबड असते. ऊसतोडीला गेलेल्या बाया तीनला उठून कोपीत भाकरी थापतात आणि उजाडायच्या आत फडात असतात. यांना टेकायला मिळालं तर दोन मिनिटांत झोप लागते. यांना निद्रानाश नाही. यांना झोपायला वेळच मिळत नाही. त्यावर उपाय उपचाराचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. पाण्याची पाळी घरातले इतर कधी घेणार, सकाळचा एक चहा तरी दुसरं कुणी करणार का, हे घरात बोलायला लागेल. आळशी म्हणतील म्हणून गप्प बसू नका.

दुसरी बाई बघा. ती नऊला अंथरुणावर पडते. घर शांत आहे, उद्या पाचला उठायचं आहे, वेळ भरपूर आहे, तरी झोप येत नाही. किंवा लागते आणि दोनला मोडते, मग पहाटेपर्यंत छताकडे बघणं. असं आठवड्यात किमान ३ रात्री होत असेल, ३ महिन्यांपासून चाललं असेल आणि त्यामुळे दिवसा चिडचिड, थकवा, विसरभोळेपणा येत असेल, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. हा पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, त्यानेही झोप मोडते. पुढची सगळी माहिती या दुसऱ्या बाईसाठी आहे.

कारण संपतं, पण झोप परत येत नाही. असं का?

आपल्या भागातल्या जुन्या बायकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसं गेली. नंतर कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. तेव्हा झोप उडणं साहजिकच होतं. पण अशा मोठ्या धक्क्यानंतर काहींची झोप महिन्या-दोन महिन्यांत जागेवर येते आणि काहींची वर्षानुवर्षं येत नाही. दोघींनी भोगलं तेच, मग फरक कशाने पडतो?

आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याची सोपी मांडणी केली. निद्रानाशाला तीन प्रकारची कारणं लागतात. पहिलं, मुळातला स्वभाव किंवा शरीर. कुणाची झोप जन्मापासूनच सावध असते. दुसरं, ठिणगी. घरातलं मरण, बुडालेलं पीक, मुलीच्या लग्नाचं कर्ज, बाळंतपण, आजारपण. तिसरं, आग पेटती ठेवणारं सरपण. हे सरपण आपणच नकळत घालत असतो.

ते असं. रात्री झोप झाली नाही म्हणून आपण दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर पडतो. रात्री लवकर अंथरूण टाकतो, म्हणजे जरा जास्त झोप मिळेल. दिवसभर तरतरी यावी म्हणून चारदा चहा होतो. मिसरी वाढते. रात्री जाग आली की फोन उचलून किती वाजले ते बघतो आणि मनात हिशोब करतो, "अडीच झाले. आता लागली तरी अडीचच तास." छाती धडधडते आणि उरलेलीही झोप पळते. असं रोज झालं की शरीर एक खोटा धडा शिकतं: अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा. म्हणून टीव्हीसमोर पेंग येते आणि अंथरुणावर पाठ टेकली की डोळे टक्क उघडतात.

ठिणगी आपल्या हातात नव्हती. सरपण मात्र आपल्या हातात आहे. हा उपचार ते सरपण एकेक करून बाजूला काढतो.

हा उपचार किती खात्रीचा?

हा काही सोशल मीडियावर फिरणारा नुस्खा नाही. यातला एक भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला, दुसरा स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये. तेव्हापासून तो अनेक देशांत तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार हाच द्यावा, गोळीचा विचार नंतर. युरोपातल्या झोपतज्ज्ञांनीही २०१७ मध्ये हेच सांगितलं. समोरासमोर, गटात आणि ऑनलाइन, तिन्ही रीतींनी लोकांना गुण येतो असं अभ्यासांत दिसलं आहे. गोळी बंद केली की तिचा परिणाम जातो. इथे शिकलेली सवय आपल्याजवळ राहते.

सगळ्यांना शंभर टक्के गुण येतो असं मात्र नाही. आणि पहिले दोन आठवडे अवघड जातात. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस मध्येच सोडून देतो.

उपचाराचे पाच भाग

१. झोपेची वही. पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. रोज सकाळी एवढंच लिहा:

- अंथरुणावर किती वाजता पडले
- झोप लागायला साधारण किती वेळ गेला
- मध्ये किती वेळा जाग आली आणि एकूण किती वेळ जागी होते
- शेवटची जाग कधी आली आणि अंथरूण कधी सोडलं
- दिवसा डुलकी घेतली का, किती वेळ
- चहा किती वेळा, शेवटचा कधी, मिसरी-तंबाखू, काही गोळी

हे अंदाजाने लिहायचं. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, ती लिहील. किंवा रोज सकाळी फोनवर आवाजाचा मेसेज करून ठेवा.

वहीचा पहिला फायदा असा की खरं चित्र कळतं. "महिनाभर डोळा लागला नाही" असं वाटत असतं, पण वही सांगते की रोज साडेपाच तास झोप होते आहे, तुकड्यातुकड्यांनी. कर्जाचा आकडा कागदावर आला की भीती जरा कमी होते ना, तसंच हे.

२. अंथरूण फक्त झोपेसाठी. बूटझिन यांचा हाच भाग. नियम थोडे आहेत, पण पाळायला कडक आहेत.

- झोप आली असेल तरच अंथरुणावर पडायचं. दमलोय म्हणून नाही, डोळे मिटायला लागले म्हणून.
- साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही, किंवा जीव कासावीस व्हायला लागला, तर उठायचं. दुसऱ्या खोलीत जायचं. खोली एकच असेल तर निदान अंथरूण सोडून भिंतीला टेकून बसायचं.
- मंद उजेडात शांत काम करायचं. वाकळेला टाके घाला, डाळ निवडा, नामस्मरण करा. फोन नको, टीव्ही नको, हिशोबाची वही नको.
- पेंग आली की परत पडायचं. नाही लागली तर पुन्हा उठायचं. एका रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चालेल.
- रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचं. रोज, रविवारीसुद्धा.
- दिवसा झोपायचं नाही.

(पती-पत्नीचा सहवास याला अपवाद आहे. बाकी जेवण, फोन, भांडण, काळजी हे सगळं अंथरुणाबाहेर.)

३. अंथरुणातला वेळ कमी करायचा. हा भाग ऐकायला उलटा वाटतो, पण याचा चांगला गुण येतो. हिशोब करून बघू.

समजा एक ताई नऊला पडते आणि पाचला उठते. म्हणजे अंथरुणात ८ तास, ४८० मिनिटं. वहीप्रमाणे झोप साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटं. ३३० ला ४८० ने भागा आणि शंभरने गुणा, उत्तर साधारण ६९. म्हणजे अंथरुणातल्या शंभर मिनिटांपैकी ६९ मिनिटंच झोपेत गेली. बाकीची तळमळण्यात.

आता तिने आठवडाभर साडेपाच तासच अंथरुणात राहायचं. उठायची वेळ पाच कायम, तर पडायची वेळ रात्री साडेअकरा. आधी झोप आली तरी साडेअकरापर्यंत जागं राहायचं. पहिले काही दिवस डोळे चुरचुरतील. पण झोपेची भूक साठत जाते. दिवसभर काही खाल्लं नसेल तर चटणी-भाकरही गोड लागते, तसंच. पडल्या पडल्या झोप लागायला लागते आणि ती सलग होते.

आठवड्याने पुन्हा हिशोब. ३३० पैकी ३०० मिनिटं झोप झाली तर आकडा ९१ येतो. आकडा ८५ च्या वर असेल तर पुढच्या आठवड्यात १५ मिनिटं वाढवायची, म्हणजे सव्वाअकराला पडायचं. ८० ते ८५ असेल तर आहे तेच ठेवायचं. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी. पण ५ तासांच्या खाली कधीच यायचं नाही. असं करत करत आपल्या शरीराला पुरेल तितकी झोप सापडते. ती आठच तास असेल असं नाही.

४. डोक्यातल्या विचारांना प्रश्न विचारायचे. रात्री दोन वाजता जो विचार येतो तो खरा वाटतोच. "आज झोप नाही झाली तर उद्या मी कामावर पडणार." या विचाराला सकाळी वहीत प्रश्न विचारा: मागच्या वेळी झोप झाली नव्हती तेव्हा खरंच पडले होते का? नाही, थकले होते, पण भाकरी झाली, शेळ्या सोडल्या, गटाच्या बैठकीलाही गेले. मग खरं वाक्य असं: "उद्या थकवा येईल, पण दिवस निभेल." झोपेवरचा दाब एवढ्यानेही कमी होतो. झोप जितकी ओढून आणायला जाल तितकी ती लांब पळते.

घरची काळजी मात्र खोटी नसते. हप्ता खराच भरायचा असतो. त्यासाठी संध्याकाळची पंधरा मिनिटं ठेवा, दिवेलागणीच्या आधीची. वहीत दोन रकाने करा. एकात काळजी, दुसऱ्यात उद्या करायचं एक काम. "हप्ता कमी पडतोय" याच्यासमोर "सचिव ताईंशी बोलायचं, मुदत मिळते का बघायचं." रात्री तोच विचार आला तर स्वतःला सांगा, "हे वहीत लिहिलंय, सकाळी बघू."

५. शरीर सैल करणं आणि सवयी. पायाच्या बोटांपासून सुरुवात करा. स्नायू पाच सेकंद आवळा, मग सैल सोडा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, कपाळ. श्वास सावकाश, बाहेर सोडताना जास्त लांब.

सवयींत चहाचं नाव आधी घ्यावं लागेल. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. म्हणून शेवटचा चहा दुपारी. मिसरी आणि तंबाखूतलं निकोटीन मेंदूला जागं करतं. झोपताना मिसरी लावायची सवय असेल तर ती आधी सोडा. सकाळी उन्हात थोडं फिरणं चांगलं. पण नुसत्या सवयी सुधारून जुना निद्रानाश जात नाही. खरा जोर दोन आणि तीन नंबरच्या भागात आहे.

गटात आणि ऑनलाइन हे कसं चालतं?

साधारण सहा ते दहा जणी, एक शिकलेला समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ, आठवड्याला एकदा तास-दीड तास, सहा ते आठ आठवडे. पहिल्या बैठकीत ओळख, झोप म्हणजे काय आणि वही कशी लिहायची. दुसऱ्या-तिसऱ्यात अंथरुणाचे नियम आणि प्रत्येकीची पडायची-उठायची वेळ ठरवणं. मधल्या बैठकांत विचार, शरीर सैल करणं आणि दर आठवड्याचा हिशोब. शेवटच्या बैठकीत एकच प्रश्न: पुन्हा झोप बिघडली तर मी काय करणार? त्याचं उत्तर प्रत्येकीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं.

गटाचा फायदा आपल्याला कुणी सांगायला नको. एकटीला बँक विचारत नव्हती, दहा जणी मिळून गेलो तेव्हा खुर्ची मिळाली. इथेही तसंच. साडेअकरापर्यंत जागं राहणं एकटीला जड जातं. पण आणखी सात घरांत सात जणी जाग्या आहेत, हे माहीत असलं की बळ येतं. एकीचा आकडा ६५ वरून ८८ वर गेला की दुसरी म्हणते, मीही आणखी एक आठवडा काढते.

ऑनलाइन असल्याने पुणे-मुंबईला जायची गाडी आणि भाडं वाचतं, दिवस मोडत नाही. पण अडचणीही आहेत, त्या आधीच सोडवून घ्या.

- फोन कुणाचा? घरातल्या माणसाचा असेल तर त्या एका तासासाठी आधी ठरवून घ्या.
- रेंज. घरात येत नसेल तर ग्रामसंघाच्या खोलीत किंवा मैत्रिणीच्या घरी बसा.
- आडोसा. सासूसमोर, मुलांसमोर मनातलं बोलता येत नाही. इयरफोन लावा, म्हणजे निदान दुसऱ्यांचं बोलणं बाहेर जाणार नाही.
- गुप्तता. गटात बोललेलं गटातच. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, झोपेची वही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. बचतीचा आकडा सगळ्यांसमोर वाचतो, झोपेचा नाही.
- पैसे. "सात दिवसांत खात्रीची झोप" म्हणून लिंक पाठवून पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्यांपासून लांब राहा. शिकवणारा कोण, त्याचं शिक्षण काय, हे विचारायला लाजू नका.

हे आपल्यासारख्या बायकांना जमतं का?

मन मोकळं करून बरं करायला मोठा डॉक्टरच लागतो असं आपल्याला वाटतं. पण गोव्यातल्या संगत या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून उदासी आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली, आणि तिथे नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोक बरे झाले. तो अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात छापून आला. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजशी जोडलेल्या मानसिक आरोग्य केंद्राचा तो उपक्रम. त्यात गावातल्याच बचत गटांतली आणि शेतकरी मंडळांतली माणसं शिकून तयार झाली आणि मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवून शेजाऱ्यांशी मनाच्या दुखण्यावर बोलू लागली. हे दोन्ही उपक्रम खास झोपेचे नव्हते. पण गावातली बाई हे शिकू शकते आणि गट हा मनाच्या आरोग्याचाही आधार होऊ शकतो, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

थांबा! आधी डॉक्टरांना दाखवा, जर...

झोप कमी करण्याचा भाग (तिसरा) पुढच्या बायकांनी स्वतःच्या मनाने करायचा नाही:

- मिरगी (फिट) येते.
- मध्येच काही दिवस फार उत्साह येतो, झोपच लागत नाही, खूप बोलणं आणि खर्च होतो असा आजार आहे किंवा पूर्वी झाला आहे.
- झोपेत चालायची सवय आहे.
- गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली आहे.

मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, पायांत रात्री वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन न पडणं, थायरॉइड, दुखणं, रात्री पुन्हा पुन्हा लघवी, अशी कारणं असतील तर आधी ती तपासायला हवीत. पायांच्या वळवळीमागे अनेकदा अंगातलं लोह कमी असतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाळंतिणीला बाळ उठवतं ते वेगळं, पण बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा.

उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा पेंग येते. तेव्हा कडबाकुट्टीवर काम करू नका, स्कूटी चालवू नका, चुलीजवळ आणि विहिरीजवळ सांभाळून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन नाही, "मी नसलेलीच बरी" असं कुणी बोलत असेल, तर ते नुसतं झोपेचं दुखणं नाही. असं बोलणाऱ्या ताईला, किंवा दादाला, एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच वेळी फोन करा. नंबर खाली दिला आहे.

गोळ्यांचं काय?

झोपेची गोळी वाईटच असते असं नाही. काही वेळा डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात आणि ती लागते. पण चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळी घेणं आणि शेजारणीची गोळी वाटून घेणं धोक्याचं आहे. कायद्यानेही या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काही गोळ्यांची सवय लागते. वय झालेल्या बाईला रात्री लघवीला उठताना झोक जाऊन खुबा मोडायची भीती असते.

आणि वर्ष-दोन वर्षांपासून रोज घेत असाल, तर हा लेख वाचून उद्या एकदम बंदही करू नका. एकदम सोडली तर झोप आणखी उडते, थरथर होते, कधी फिटही येते. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करतात. हा उपचार चालू असताना गोळी सोडणं सोपं जातं.

मदत कुठे?

- टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून. दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. फक्त "झोप लागत नाही" एवढं सांगायलाही फोन करता येतो, वेडं असावं लागत नाही. झोपेसाठी विचार-वर्तन उपचार देणारं कुणी आहे का, हेही तिथेच विचारा.
- ईटचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई. रक्त, बीपी, थायरॉइड यांची तपासणी कुठे होईल ते इथे कळेल.
- जिल्हा रुग्णालय, धाराशिव. मानसिक आरोग्य विभागात दाखवता येतं. शेतकरी कुटुंबांच्या मनाच्या आरोग्यासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा होता.
- ई-संजीवनी. घरून किंवा आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी व्हिडिओवर मोफत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत एवढं करा

आपण डॉक्टर नाही. कुणाला कोणता आजार आहे हे गटाने ठरवायचं नाही, आणि पडायची-उठायची वेळ कमी करून द्यायचं कामही जाणकाराचंच आहे. पण पाच गोष्टी कुठलाही गट करू शकतो.

१. बैठकीत दहा मिनिटं झोपेवर बोला. कुणाला मिळत नाही, कुणाला लागत नाही, हे वेगळं करा.
२. जिला वाटेल तिने दोन आठवडे झोपेची वही लिहावी. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलं तर त्यांनाही लवकर कळतं.
३. रोज एकाच वेळी उठणं, दुपारनंतर चहा बंद, अंथरुणावर फोन बंद, झोप आली तरच पडणं. एवढं सगळ्यांनी सुरू केलं तरी कुणाचं नुकसान नाही.
४. १४४१६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
५. पाच-सहा जणींना गरज दिसली तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडा. तिथून तो प्रभागसंघात येईल. सगळ्यांची मिळून मागणी आली, तर आरोग्य विभागाकडे ऑनलाइन गटासाठी समुपदेशक मागता येईल. एकटीच्या तक्रारीला वाट लागते, गटाच्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

ताईंनो, बचत सुरू केली तेव्हा आठवड्याच्या दहा-वीस रुपयांनी काय होणार असं घरचे म्हणाले होते. आज त्याच वहीवर शेळ्या आल्या, शिलाई मशीन आली, मुलींच्या फिया भरल्या. झोपही पंधरा-पंधरा मिनिटांनीच परत येते. घाई करायची नाही, नोंद सोडायची नाही आणि एकटीने सोसायचं नाही.

वही सुरू केलीत तर पुढच्या बैठकीत आपल्या सीआरपी ताईंना जरूर सांगा.